वाकळीचे मोल

आम्ही दोघी बहिणी. एक अमरावतीस असते, दुसरी अकोल्यास. दोघींचाही व्यवसाय महाविद्यालयात मराठी शिकविण्याचा. त्यामुळे आमचे दूरध्वनीवरचे बोलणे बहुधा उत्तरपत्रिका आणि सांधेदुखी यांपलीकडे जात नाही. या दोन शहरांच्या साधारण मध्यावर, मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, आमची आत्या राहते. वय सत्तरीच्या पुढे, नजर शाबूत, जीभ त्याहून शाबूत. २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही तिच्याकडे गेलो असता तिने माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली आणि तीतून एकामागून एक नऊ वाकळी काढून ओसरीवर अंथरल्या. नातवंडे पुण्यास, त्यांच्या घरी गुबगुबीत रजया. सुनेने ‘हे सगळे ठेवायचे कुठे’ असे विचारून झाले होते. “घेऊन जा व पोरीहो, नाई त गोठ्यात जातीन,” आत्या म्हणाली.

वाकळ म्हणजे गोधडीच. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून आत्याच्या तोंडी ती ‘वाकय’. जुनी लुगडी, धोतरे, सदऱ्यांच्या पाठी, जे जे अंगावर वापरून मऊ झाले ते ते धुऊन, उसवून, थरावर थर अंथरायचे, कडांवर दगड ठेवायचे आणि जाड सुईने काठापासून आत धावदोरा घालीत यायचे. ज्या तालुक्यात आत्या राहते त्याच तालुक्यातल्या दापुऱ्यास, मामाच्या घरी, गाडगेबाबांचे बालपण गेले. चिंध्यांचे वस्त्र पांघरणाऱ्या त्या माणसास लोक ‘गोधडे महाराज’ही म्हणत. तेव्हा चिंधीला प्रतिष्ठा देणारी परंपरा आम्हांस परकी नव्हती. परकी होती ती चिंधीला किंमत लावण्याची कल्पना.

ती कल्पना आमचीच. इतक्या देखण्या वस्तू गोठ्यात जाणार या विचाराने आम्ही हळहळलो आणि हळहळ ओसरण्यापूर्वीच भ्रमणध्वनीवर त्यांची छायाचित्रे काढली. हस्तनिर्मित वस्तू विकणारी अनेक संकेतस्थळे आहेत. त्यांतल्या एका परदेशी बाजारस्थळावर दुकान उघडण्यास फार तर एक संध्याकाळ लागते. नाव, पत्ता, बँकेचे तपशील, छायाचित्रे, वर्णन. सारे भरून झाले आणि एक चौकोन उरला. त्यात आकडा घातल्याशिवाय यंत्र पुढे जाऊ देईना. ‘किंमत’ या शब्दापुढचा तो रिकामा चौकोन पाहत आम्ही दोघी, एक अमरावतीत आणि एक अकोल्यात, रात्री साडेअकरापर्यंत गप्प बसलो होतो.

मराठीत या गोष्टीसाठी शब्दांची ददात नाही. ‘मोल’ संस्कृत ‘मूल्य’ातून उतरले. ‘किंमत’ अरबीतून फारसीच्या वाटेने आली. ‘दाम’ तर थेट ग्रीकांच्या ‘द्राख्मे’पर्यंत मागे जाते. आणि ‘भाव’! एकाच शब्दात अंतःकरणातले स्पंदनही आणि बाजारातला दरही सामावून घेणाऱ्या भाषेला काय म्हणावे? वर्गात भावकवितेवर बोलताना मागच्या बाकांवरून ‘कापसाचा की सोयाबीनचा?’ असे हमखास ऐकू येते. आम्ही दरवर्षी हसतो आणि पुढे जातो. त्या रात्री मात्र तो विनोद आम्हांस पुरेसा हसू देईना. आत्याच्या वाकळीचा भाव आम्ही जाणत होतो, आणि भाव ठाऊक नव्हता.

आम्ही आधी ९०० रुपये लिहिले. का, तर अकोल्याच्या गांधी रोडवर यंत्रावर विणलेले बऱ्यापैकी ब्लँकेट त्या सुमारास येते, म्हणून. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीला (जिला गणिताची आवड आहे, आणि जी ती मराठी विभागात लपवून ठेवते) टाके मोजण्याची बुद्धी झाली. वाकळ सुमारे पाच फूट रुंद व सात फूट लांब, म्हणजे १५० सेंटिमीटर गुणिले २१०. धावदोऱ्याच्या दोन ओळींत दोन सेंटिमीटरांचे अंतर. ओळी उभ्या घाला, आडव्या घाला की आत्या घालते तशा चौकोनात चौकोन घाला, दोऱ्याची एकूण वाट तेवढीच भरते: क्षेत्रफळास अंतराने भागले की १५,७५० सेंटिमीटर. एक टाका वर-खाली मिळून सेंटिमीटरभर. म्हणजे पंधरा हजार सातशे पन्नास टाके. सहा-सात थरांतून सुई काढायची तर मिनिटाला सहा-सात टाक्यांहून अधिक होत नाहीत. आम्ही घड्याळ लावून पाहिले. चाळीस तास. आठ तासांचा रोज धरला तर पाच दिवस, तेही मान वर न करता. त्यापूर्वीचे धुणे, उसवणे, निवडणे, थर बसवणे यांचे तीन दिवस वेगळे.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२४-२५ या वर्षासाठी २९७ रुपये होता. आठ दिवसांचे २,३७६ झाले. तोही अकुशल कामाचा दर. खड्डा खणण्यास जे मिळते तेच वाकळीस द्यावे, एवढीच मागणी त्या आकड्यात होती, आणि तरीही तो आमच्या पहिल्या आकड्याच्या अडीचपटीहून अधिक निघाला. आत्याचे लेखणीइतकेच काटेकोर हात पाहत लहानाच्या मोठ्या झालेल्या आम्ही, तिच्या आठ दिवसांना ९०० रुपये लावून मोकळ्या झालो होतो, आणि आपण उदार आहोत असे समजत होतो.

येथे कोणी म्हणेल की तासांनी कलेचे मोल होत नाही. खरे आहे. पण हा आक्षेप घेणारा बहुधा मासिक वेतनावर असतो, हेही आम्ही (मासिक वेतनावर असल्यामुळे) जाणतो. जुन्या गावात हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला होता, किंवा दडपलेला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त बलुत्याची जी व्यवस्था दिसते तीत सुताराच्या एका नांगराची किंमत नसते, वर्षाच्या कामाचे वर्षाच्या सुगीत धान्य असते. वस्तूस किंमत नाही आणि माणसास पायरी आहे, असा तो सौदा. त्या व्यवस्थेविषयी हुरहुर बाळगावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही, कारण तिच्यात पायरी कोणाला कोणती मिळे हे ठाऊक आहे. पण बाईची वाकळ तर बलुत्यातही नव्हती. ती घरकाम होती. तिला पायरीही नाही आणि पेंढीही नाही. तिच्यापुढे किंमत लिहिण्याचा प्रसंग बहुधा या चौकोनानेच प्रथम आणला, आणि त्यासाठी आम्ही त्या निर्जीव चौकोनाचे ऋणी आहोत.

मजुरीचा आकडा आम्ही २,४०० ठरविला. मग आडवा आला तराजू. आंतरजालावरच्या बाजारात वस्तू दाखविण्यास काही लागत नाही, पोचविण्यास सारे लागते. अडीच किलोची वाकळ परदेशी धाडायची तर हशील तिच्या मजुरीच्या बरोबरीने उभे राहते. तरी वाकळ निदान घडी होते. आमच्या डोक्यात तेव्हा आणखी एक विचार घोळत होता. अमरावतीच्या बाजारात ज्या बुरडिणीकडून आम्ही सुपे-टोपल्या घेतो, तिच्याही वस्तू या दुकानात ठेवाव्यात असा. चाळीस सेंटिमीटर लांब-रुंद, तीस उंच अशी तिची एक सुबक टोपली आम्ही कुरिअरवाल्याकडे नेली. वजन किलोच्या आत. त्याने फूटपट्टी लावली, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार केला, पाच हजारांनी भागले आणि सांगितले, “नऊ किलो सहाशे.” हे त्या धंद्याचे सर्वमान्य सूत्र आहे, गाडीत जागा किती अडते त्यावरून वजन धरायचे. म्हणजे टोपलीच्या पोकळीचे पैसे. ज्या पोकळीसाठी टोपली विणली जाते, जिच्यात भाकरी राहते, कापूस राहतो, परसातली वांगी राहतात, ती पोकळीच या बाजारात तिला महाग पडते. आम्ही टोपली घरी आणली आणि तीत कांदे ठेवले.

मेळघाटात ही अडचण ज्यांनी आमच्या फार आधी ओळखली त्यांची आठवण तेव्हा झाली. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात संपूर्ण बांबू केंद्राचे काम सुरू केले. सुनील देशपांडे २०२१ मध्ये गेले. काम उभे आहे. कोरकू कारागिरांच्या हातून तेथे बांबूची घरे झाली, खुर्च्या-मेजे झाली, आणि बांबूची राखीही झाली. मेळघाटाबाहेर, राज्यभर आणि परदेशातही, त्या कामाची ओळख पोचवली ती या राखीने. राखीचे सौंदर्य आम्ही नाकारीत नाही. दोन वर्षे आमच्या भावाच्या मनगटावर तीच होती. पण तिचे यश तिच्या सौंदर्याइतकेच तिच्या चपटेपणात आहे. ती पाकिटात मावते. ज्या हातांना घर उभारता येते त्यांच्या कौशल्याचा जो अंश टपालाच्या पाकिटात शिरतो, तो आधी बाहेर पडतो आणि त्यावरून त्या हातांची परीक्षा होते. साहित्यातही असे घडत नाही काय? आमच्या पाठ्यपुस्तकांत कादंबरीकार नेहमी दोन पानांच्या उताऱ्यातून भेटतात.

यानंतर नावाचा प्रश्न. वस्तू शोधणाऱ्यास ती सापडावी म्हणून त्या बाजारस्थळावर तेरा खुणशब्द द्यावे लागतात. आम्ही ‘गोधडी’ लिहिले, ‘वाकळ’ लिहिले, ‘वऱ्हाड’ लिहिले. रोमन लिपीतही लिहिले. महिना गेला; कोणी फिरकले नाही. शोध घेता कळले की भारतातली जुन्या साड्यांची शिवलेली पांघरुणे जग ज्या नावाने शोधते ते नाव ‘कांथा’ आहे. बंगालच्या बायकांची ती स्वतंत्र कला: तीत पानाफुलांची, हत्ती-पाखरांची नक्षी असते, तिच्यावर ग्रंथ झाले, ती संग्रहालयांत पोचली. आमच्या वाकळीत नक्षी नाही. असेल तर ती विटलेल्या काठांच्या योगायोगाने. पण धावदोरा तोच, जुने कापड तेच. आम्ही खुणशब्दांत ‘कांथा’ घातले. आठवड्यात पहिली वाकळ गेली, पंधरा दिवसांत दुसरी.

आपल्या अपराधाचे समर्थन करण्यात भाषेच्या शिक्षकाइतका पटाईत कोणी नसेल. संस्कृतात ‘कन्था’ म्हणजे ठिगळांचे वस्त्रच. जुन्या मराठीत जोग्यांच्या अंगावर ‘कंथा’ असतेच. हिंदीतली ‘कथरी’ त्याच कुळातली. तेव्हा आम्ही खोटे लिहीत नसून व्युत्पत्ती लिहीत आहोत, असे आम्ही एकमेकींस समजाविले. समजूत पटली नाही. नावाने मोल कसे बदलते याचे याहून मोठे उदाहरण मेळघाटच्या रानातच होते. १९२७ च्या वन कायद्याच्या व्याख्येत बांबू ‘झाड’ होता; २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले; आणि वनाबाहेर वाढणारा बांबू २०१७ च्या दुरुस्तीने झाडांच्या यादीतून वगळला गेला. वनस्पतिशास्त्रात तो सर्वकाळ गवतच होता. पण तो झाड आहे की नाही यावर तो तोडणे हा गुन्हा की धंदा हे ठरत होते, आणि बुरुडाची चूल त्या एका शब्दावर पेटत किंवा विझत होती.

दूरच्या माणसाने आपल्या वस्तूस नाव द्यावे आणि भाव द्यावा, ही वऱ्हाडची जुनीच कथा. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात जे वारे सुटले त्यावर अमरावती-खामगावच्या कापसाचा भाव चढला, आणि युद्ध संपताच उतरला. ज्याने पऱ्हाटी लावली त्याने लिव्हरपूल पाहिले नव्हते. तोच कापूस कापड होऊन परत यायचा, लुगडे व्हायचा, फाटायचा आणि वाकळ व्हायचा. आता वाकळ होऊन तो पुन्हा समुद्रापलीकडे निघाला होता, आणि पुन्हा त्याच्या गठ्ठ्यावर दुसऱ्याने दिलेले नाव होते. फरक एवढाच की या खेपेस ते नाव लिहिणाऱ्या आम्ही होतो.

नावानंतर वर्णन. येथे आमची खरी परीक्षा होती आणि, सांगण्यास संकोच वाटतो, येथे आम्ही खुलून लिहिले. ‘आजीच्या लुगड्यांची ऊब’, ‘प्रत्येक टाक्यात माया’, ‘काळाच्या स्पर्शाने मऊ झालेले’. इंग्रजीत ही वाक्ये आणखीनच गोड लागतात. वाल्टर बेंजामिनने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटले होते की यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगात कलाकृतीचे तेजोवलय झिजते. पदव्युत्तर वर्गास हा निबंध शिकविताना आम्ही कधी कल्पनाही केली नव्हती की त्या वलयाचाच पुढे किरकोळ विक्रीचा धंदा होईल. छायाचित्र हे बेंजामिनच्या मते वलय मारणारे. आणि आम्ही तर छायाचित्रातूनच वलय विकीत होतो. ग्राहकास वस्तूपेक्षा वस्तूमागची गोष्ट हवी असते, असे या क्षेत्रातले जाणकार सांगतात. एट्सी हे २००५ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालेले बाजारस्थळ प्रथम विक्रेत्याने स्वहस्ते केलेल्या वस्तूंसाठीच होते. २०१३ मध्ये त्याने बाहेरच्या उत्पादकांकडून काम करून घेण्यास मुभा दिली. हाताची व्याख्या सैल झाली, पण हाताची गोष्ट मात्र घट्ट राहिली. गोष्टीशिवाय वस्तू गेली तर काय होते हे २०२५ च्या जूनमध्ये मिलानला दिसले. प्राडाच्या मंचावर कोल्हापुरीसारखी वहाण आली, कोल्हापूरचे नाव आले नाही, आणि तिची किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या झळकल्या. कोल्हापुरी चपलेस भौगोलिक निर्देशांकन २०१९ पासून आहे. गहजब झाल्यावर कंपनीने प्रेरणेची कबुली दिली. चांभाराच्या हाताला किंमत असते, फक्त ती त्याच्या हातात येत नाही.

वर्णनाबरोबर आम्हांस आत्याच्या हातांचे छायाचित्र हवे होते. सुरकुतलेले हात, सुई, मागे धूसर अंगण. अशी छायाचित्रे खपतात; त्यांत चेहरा क्वचितच असतो. आत्याने साफ नकार दिला. नखांत माती होती. “फोटो काहाडाचा त मंग चांगला काहाडा,” म्हणून तिने जरीकाठाचे लुगडे नेसले, प्लॅस्टिकची खुर्ची अंगणात मांडली, वाकळ मांडीवर न घेता खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि निवडणुकीच्या उमेदवारासारखी ताठ बसली. ते छायाचित्र आम्ही संकेतस्थळावर चढविले नाही. का चढविले नाही, याचे उत्तर आम्ही अद्याप एकमेकींस दिलेले नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून एका मराठी बाईंचा निरोप आला. माहेर विदर्भातले. आई वारली, तिची सुती लुगडी घरात पडून आहेत, त्यांची गोधडी शिवून मिळेल काय? भावाने लुगडी कुरिअरने आत्याच्या पत्त्यावर धाडली. आमच्या मनात या प्रसंगाचे सारे भावपूर्ण चित्र तयार होते. आत्या लुगडी उराशी धरील, डोळे टिपील, पैशाचे नाव काढणार नाही. आत्याने गाठोडे सोडले, एकेक लुगडे उन्हाकडे धरून पाहिले, अंगठ्याने ताणून पाहिले, आणि म्हणाली, “हे विरलं हाय. टाका धरत नाई. दोन पदर जास्तीचे घालाव लागन अन् टाका बी बारीक घ्याव लागन. दिढीनं पैसे पडतीन, सांग तिले.”

मृत आईच्या वस्त्रांसाठी जादा मजुरी मागायची, हे कसे कळवावे याचा मसुदा करण्यात आमचे दोन दिवस गेले. बाईंचे उत्तर चार मिनिटांत आले: अवश्य. दीडपट म्हणजे ३,६००.

शिवणकाम चालू असताना एकदा आत्याने विचारले, “त्या मशिनीत तुमी माह्याबद्दल काय लिवलं हाय?” आम्ही आमचे वर्णन तिला मराठीत वाचून दाखविले. ‘प्रत्येक टाक्यात माया’ येताच तिने सुई थांबविली.

“हे कायले लिवलं व? मायेनं शिवली ते तुमच्या लेकरायसाठी शिवली. ह्या बाईले म्या पाह्यलंबी नाई. हे त काम हाय. मन लावून केलं हाय. कामाचे पैसे सांगा, मायेचे काहून सांगता?”

आम्ही निरुत्तर झालो. वीस-बावीस वर्षे आम्ही विद्यार्थ्यांस भावविवशतेपासून सावध करीत आलो आहोत. आत्याने ते दोन वाक्यांत केले, आणि तेही आमच्याच गद्यावर. माया विकायला काढली की मजुरीची घासाघीस आपोआप थांबते, कारण मायेचा दर विचारणे असभ्य असते. आणि त्या सभ्यतेचा लाभ शिवणारणीस होत नाही. घरासाठी शिवलेल्या वाकळी आत्याने कधीच विकायला दिल्या नव्हत्या, हेही आम्हांस त्या दिवशी कळले. पेटीतल्या त्या नऊ वाकळींतून तिने आधीच तीन बाजूला काढून ठेवल्या होत्या. आमच्या बापाच्या धोतराची एक होती. “ते काई इकाची नाई,” एवढेच ती म्हणाली आणि विषय बदलला.

वाकळ पोळ्याच्या सुमारास तयार झाली आणि टपालच थांबले. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरील शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली, आणि त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडे जाणारी बहुतेक पार्सले घेणे स्थगित केले. एका बाईची लुगडी जगाच्या व्यापारयुद्धात अडकून आत्याच्या पेटीवर दीड महिना पडून राहिली. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, पण आता जाहीर केलेल्या मूल्याच्या ५० टक्के शुल्क आधीच भरायचे होते. आणि त्यासाठी अर्ज. आणि अर्जात एक चौकोन: मूल्य.

आम्ही या खेपेस शहाण्या झालो होतो असे आम्हांस वाटत होते. कापड तर त्या बाईंचेच. त्यांच्याच आईची लुगडी त्यांनाच परत जात आहेत. आम्ही सुचविले की ५०० रुपये लिहावेत; शुल्क २५० वर भागेल, बाईंचे पैसे वाचतील, कोणाचे काही बिघडणार नाही. आत्या भाकरी थापीत होती. तिने परात बाजूस सारली.

“पाचशेच? अन् बाकीचं का म्या फुकट केलं?”

तसे नव्हे, ते नुसते कागदावर लिहायचे आहे, असे आम्ही सांगू लागलो. तिला कागदाचे महत्त्व आमच्याहून अधिक होते. आयुष्यात तिच्या कामाचा आकडा कोणत्याही कागदावर कधी आलेला नव्हता. सात-बारावर नाही, सोसायटीच्या वहीत नाही, शिरगणतीच्या तक्त्यात तर ‘घरकाम’. आणि जो पहिला कागद आला त्यावर तिच्याच भाच्या तिला ५०० रुपयांत उरकू पाहत होत्या. “लुगडे तिचे हायेत, त्याचे पैसे लावू नोका. माया टाक्याचे लावा.” वऱ्हाडीत ‘माया’ म्हणजे ‘माझ्या’. क्षणभर आमच्या कानांना दुसराच अर्थ ऐकू आला; परंतु तिचा अर्थ स्वच्छ होता.

बाईंना आम्ही खरे ते कळविले. त्यांनी ३,६०० वरचे १,८०० रुपये शुल्क भरले.

पार्सल नोंदवायला आम्ही तिघी गेलो. आत्याने जरीकाठाचे लुगडे नेसले होते. खिडकीतल्या तरुणाने आत काय आहे असे विचारले. आमच्यातली एक ‘कांथा’ म्हणणार होती, दुसरी ‘गोधडी’ म्हणाली, आणि आत्या दोघींच्या मधून “वाकय” म्हणाली. त्याला तिन्ही शब्द गैरसोयीचे वाटले असावेत. त्याने काहीतरी टंकले आणि पावती पुढे सरकविली. बाहेर निंबाखाली आत्याने ती वाचायला लावली. वस्तू: जुनी सुती चादर, एक. मूल्य: ३,६०० रुपये. वजन: २ किलो ६४० ग्रॅम.

‘चादर’वर ती काही बोलली नाही. ३,६०० तिने पुन्हा एकदा वाचायला लावले. मग पावतीची चौघडी करून कमरेच्या पिशवीत घालताना म्हणाली, “अडीच किलोच्या वर कशी भरली? लुगडे त मी मोजून घातले होते.” थोडे चालल्यावर तिचे तिलाच उत्तर सापडले. “दोरा. यावक्ती दोरा लय लागला.”